कोण कोणासाठी थांबलंय?



आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे. कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे, हे ओळखायचं कसं? प्रोजेक्टच्या भाषेत याला ‘टास्क डिपेंडन्सी’ म्हणतात. मी आज त्याला साधा ‘बाण’ म्हणणार आहे. कागदावर दोन कामं लिहायची आणि आधीच्या कामाकडून नंतरच्या कामाकडे बाण काढायचा. बाणाचा अर्थ इतकाच, की नंतरचं काम आधीच्यासाठी थांबलेलं आहे.

ऐकणाऱ्यांत कोणी बडोद्यात घर बांधत असेल, कोणी बेंगळुरूत सॉफ्टवेअरची टीम सांभाळत असेल, कोणी इंदुरात मुलीच्या लग्नाची यादी करत बसला असेल. कामं वेगवेगळी, पण सगळ्यांच्या तोंडी प्रश्न एकच असतो, ‘कधी होईल?’ समोरचा माणूस एक तारीख सांगतो. ती चुकली की दुसरी सांगतो. तारीख सांगायला काही लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की ‘कधी होईल’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी विचारा, ‘हे काम आत्ता कोणासाठी थांबलंय?’ याचं उत्तर देताना माणसाला विचार करावा लागतो. आणि ते उत्तर खरं मिळालं, की तारीख आपोआप निघते.

एका पुलापासून सुरुवात करतो.

३० जुलै २०२४. केरळात वायनाड जिल्ह्यात पहाटे दरड कोसळली. चूरलमला आणि मुंडक्कई या दोन गावांमधला पूल वाहून गेला. माणसं पलीकडे अडकली. चिखल आणि दगड उपसायला जी अवजड यंत्रं हवी होती, ती अलीकडे उभी राहिली. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने तिथे १९० फुटांचा बेली पूल उभा केला. ३१ जुलैच्या रात्री काम सुरू झालं आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल तयार होता. २४ टनांचं वजन पेलणारा. त्या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांत मेजर सीता शेळके होत्या, मूळच्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. त्यांचं कौतुक सगळ्यांनी वाचलंच असेल. मला तुम्हाला त्या कौतुकामागचा क्रम दाखवायचा आहे.

बेली पूल म्हणजे सुट्या लोखंडी चौकटींचा पूल. एका चौकटीला पॅनेल म्हणतात. लांबी १० फूट, वजन सुमारे २६० किलो, सहा माणसं मिळून उचलतात. १९० फूट म्हणजे लांबीच्या दिशेने एकापुढे एक १९ पॅनेल. हा पूल नदीत उभं राहून बांधत नाहीत. अलीकडच्या काठावर रोलर बसवतात, त्यावर पूल जोडत जातात आणि तो पलीकडे ढकलत नेतात. पुढे एक हलका सांगाडा जोडतात, त्याला पुलाचं ‘नाक’ म्हणतात.

आता यातले बाण बघा. रोलर बसवल्याशिवाय पहिलं पॅनेल ठेवता येत नाही. काठ सपाट आणि घट्ट केल्याशिवाय रोलर बसवता येत नाहीत. जितका पूल हवेत पुढे गेला आहे, त्याहून जास्त वजन मागे रोलरच्या अलीकडे असावं लागतं, नाहीतर सगळा पूल नाकावर नदीत जाईल. म्हणजे मागे पुरेशी पॅनेल जोडून झाल्याशिवाय पुढे ढकलणं नाही. नाक पलीकडे टेकल्याशिवाय ते सुटं करता येत नाही. ते सुटं केल्याशिवाय पूल जॅकवरून खाली आपल्या पायावर बसत नाही. आणि तो बसल्याशिवाय गाडी जात नाही. हे बाण कोणाच्या हुकमाने हलत नाहीत, कारण ते गुरुत्वाकर्षणाने काढलेले आहेत.

पण याच कामात काही गोष्टींमध्ये बाण नसतो. अलीकडे जोडणी चालू असताना पलीकडचा काठ तयार करता येतो, तिथे माणसं पोचली म्हणजे झालं. एक तुकडी पॅनेल उचलत असताना दुसरी पिना आणि बोल्ट मोजून ठेवते. पुढच्या ट्रकमधला माल आधी कुठला उतरवायचा, हे ट्रक वाटेत असतानाच ठरतं. चूरलमलाच्या पुलाचं साहित्य दिल्लीहून विमानाने कण्णूरला उतरलं आणि तिथून ट्रकने वर गेलं. अशा वेळी ट्रकमध्ये कुठली वस्तू वर आणि कुठली तळाशी, यावर घाटातले तास वाचतात किंवा जातात.

वेग येतो तो इथून. ढकलणारे हात जास्त जोर लावतात म्हणून पूल लवकर होतो, असं नाही. जिथे बाण नाही तिथे कोणी थांबत नाही, आणि जिथे बाण आहे तिथे कोणी घाई करत नाही, म्हणून तो लवकर होतो. आजच्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

आता बाणांचे प्रकार. पुस्तकात चार दिले आहेत आणि चारही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला, एक संपलं की दुसरं सुरू. काँक्रीट ओतायच्या आधी सळ्या बांधून व्हायला हव्यात. नव्वद टक्के लोकांच्या डोक्यात हा एकच प्रकार असतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

दुसरा आणि तिसरा समजायला पंगत डोळ्यांसमोर आणा. पुऱ्या तळणं आणि पुऱ्या वाढणं, ही दोन कामं. सगळ्या पुऱ्या तळून झाल्यावर वाढायला घ्यायच्या का? घेतल्या तर गार पुऱ्या खाव्या लागतील. पहिला घाणा निघाला की वाढपी निघतो. म्हणजे तळणं सुरू झालं, थोडा वेळ गेला, की वाढणं सुरू. हा ‘सुरुवातीवर सुरुवात’ असा बाण. पण शेवटचा घाणा निघेपर्यंत वाढणं संपत नाही. हा ‘शेवटावर शेवट’ असा बाण. एकाच जोडीत दोन्ही बाण आहेत. पाण्याची पाईपलाईन टाकताना हेच होतं. पुढे चर खणला जातो, मागून पाईप पडतो, त्याच्या मागून माती बुजवतात. सगळा चर खणून मग पाईप आणायला निघालात, तर मधल्या पावसात चर पुन्हा भरतो.

चौथा प्रकार पुस्तकात वाचताना लोकांना विचित्र वाटतो. दुसरं सुरू झालं तरच पहिलं संपतं. फौजेत हा रोजचा आहे. पहाऱ्यावरचा जवान त्याची वेळ संपली म्हणून निघून जात नाही. बदली जवान येऊन उभा राहिला, त्याने पहारा हाती घेतला, की मग जुना सुटतो. हॉस्पिटलात नर्सची ड्यूटी अशीच बदलते. जुनी संगणक-यंत्रणा बंद करून नवी चालू करताना शहाणे लोक हेच करतात. नवी नीट चालू लागली, मगच जुनीची वायर काढायची.

हे चार प्रकार पाठ करायची गरज नाही. प्रत्येक जोडीसमोर फक्त एवढं विचारायचं, की दुसऱ्याला पहिल्याचं सगळं काम हवंय की थोडंसं पुरे? ‘थोडंसं पुरे’ असं उत्तर जिथे येईल, तिथे दिवस लपलेले असतात.

आता हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

एक लहान घर. वरचा स्लॅब आज पडला. आजचा दिवस शून्य. इथून शेवटच्या रंगाच्या हातापर्यंत किती दिवस? आकडे मी हिशेबासाठी घेतोय, एक सोडून. तो म्हणजे टेकू काढण्याचा. भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं, की साडेचार मीटरहून जास्त गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान १४ दिवस ठेवायचे आणि साडेचारपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस. तेही साधं पोर्टलँड सिमेंट असेल, पाणी नीट मारलं असेल आणि हवा १५ अंशांच्या खाली गेली नसेल तर. दिल्ली किंवा भोपाळच्या जानेवारीत याहून जास्त थांबावं लागतं. आपला हॉल मोठा आहे, म्हणून १४ दिवस.

टेकू निघाले, दिवस १४. मग खालच्या विटांच्या भिंती, १२ दिवस, झाले २६. मग भिंतींना झिऱ्या मारून विजेचे पाईप, ५ दिवस, ३१. मग प्लास्टर, १० दिवस, ४१. इथून तीन फाटे फुटतात.

पहिला फाटा भिंतींचा. प्लास्टरला ७ दिवस पाणी, ४८. मग पुट्टी आणि पहिला हात, ८ दिवस, ५६.

दुसरा फाटा फरशीचा. ४१ व्या दिवशी सुरू, १० दिवस, ५१.

तिसरा फाटा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा. प्लास्टर झाल्यावर माप घेणार, बनायला १५ दिवस, ५६. बसवायला २ दिवस, ५८.

रंगाचा शेवटचा हात या तिन्हींसाठी थांबलाय. तिन्हींत उशिरा येणाऱ्या खिडक्या, ५८ ला. त्यानंतर ६ दिवस रंग. एकूण ६४ दिवस.

ही जी सगळ्यात लांब साखळी आहे, टेकू, भिंती, पाईप, प्लास्टर, खिडक्या, रंग, तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीसाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ही पद्धत बसवली. त्याच सुमाराला अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ नावाची सख्खी बहीण काढली. त्याआधी हेन्री गँटच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता होताच, आजही तो प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर असतो. त्या तक्त्यात काम कधी आहे ते दिसतं. पण नुसत्या पट्ट्या काढल्या तर ते काम तेव्हाच का, हे दिसत नाही. त्यासाठी बाण लागतात.

परत घराकडे येऊ. मालक म्हणतो, ‘चार दिवस आधी आटपा, मी फरशीवाले दोन गडी वाढवतो.’ वाढवा. फरशी ५१ ऐवजी ४७ ला होईल. रंग सुरू होणार ५८ लाच. पैसे गेले, दिवस एकही वाचला नाही. फरशीला सात दिवसांची ढील आहे. पतंगाच्या मांज्याला देतो ना, तीच ढील. पुस्तकात तिला ‘फ्लोट’ म्हणतात. जिथे ढील आहे तिथे जोर लावून काही मिळत नाही.

मग हुशार ठेकेदार म्हणतो, ‘खिडक्यांसाठी प्लास्टरपर्यंत थांबायचंच कशाला? भिंती बांधतानाच मोकळ्या जागेचं माप पक्कं धरू, साच्यावर बांधू, आणि २६ व्या दिवशी ऑर्डर देऊ.’ उत्तम. खिडक्या ४१ ला हातात, ४३ ला बसल्या. पंधरा दिवस आधी! मग घर किती लवकर होईल? पंधरा दिवस? नाही. दोन दिवस. कारण आता पुट्टीची साखळी पुढे आली. ती ५६ ला संपते, अधिक ६, झाले ६२. एक लांब साखळी तोडली की तिच्या मागे उभी असलेली दुसरी पुढे येते. म्हणून कुठल्याही सुधारणेनंतर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ‘पंधरा दिवस वाचले’ असं बोलून बसलेल्या माणसाला नंतर तोंड लपवावं लागतं.

आणखी दिवस हवेत? मग फाटे फुटायच्या आधीच्या बुंध्याकडे बघा. पाईपवाला सगळ्या भिंती होईपर्यंत थांबलाय. त्याला सगळ्या भिंती लागत नाहीत. एका खोलीच्या भिंती होऊन घट्ट झाल्या, की तो त्या खोलीत शिरू शकतो. पंगतीतल्या पुऱ्यांसारखं. तो भिंतींनंतर ५ दिवसांऐवजी २ दिवसांत आटपला, तर ३ दिवस वाचले आणि ते भिंतींच्या आणि फरशीच्या फाट्यांत वाचले. ६२ चे ५९ झाले. एक गडी वाढवला नाही, एक रुपया जास्त गेला नाही. फक्त एक बाण नीट वाचला.

आता उलटी बाजू. जिन्याचं लोखंडी रेलिंग फॅब्रिकेटरकडून यायला आणि बसायला ३० दिवस लागतात समजा. बसवताना वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, म्हणून ते शेवटच्या रंगाच्या आधी हवं. जिना तर पहिल्या दिवसापासून उभा आहे, म्हणजे माप केव्हाही घेता येतं. पहिल्या ६४ दिवसांच्या हिशेबात रेलिंगला २८ दिवसांची ढील होती. निवांत काम. आणि निवांत म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहत नाही. ४५ व्या दिवशी आठवण झाली तर रेलिंग ७५ ला बसेल आणि घर ८१ ला पुरं होईल. सतरा दिवस उशीर, तोही सगळ्यात सोप्या कामाने. ढील कोणाच्या मालकीची नसते. ती आधी कोण खर्च करतो, यावर नंतर कोण अडकतो ते ठरतं.

हा झाला हिशेब. पण बाण काढला की त्याच्या शेजारी एक शब्द लिहायची सवय लावा, हा बाण कशामुळे आहे. माझ्या अनुभवात चारच कारणं निघतात.

एक, निसर्ग. काँक्रीट वाळायला नाही, घट्ट व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ ते कोणाला विचारून घेत नाही. दोन, हात. दोन कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, पण वायरमन एकच आहे. हा बाण पैशाने किंवा दुसऱ्या माणसाने हलतो. तीन, बाहेरचे. परवानगी, तपासणी, बँकेचा हप्ता, ऋतू. आणि चार, रिवाज. ‘आमच्याकडे आधी असंच करतात.’

रिवाजाचा प्रत्येक बाण तपासून बघा. काही रिवाज शहाणे असतात, कोणीतरी एकदा नुकसान सोसून ते लावलेले असतात. काही नुसतेच चिकटलेले असतात. ‘का?’ असं तीनदा विचारलं की कळतं.

निसर्गाच्या बाणाशी मात्र वाटाघाट करू नका. हे मी मोठ्या आवाजात सांगतोय. उशीर झाला की सगळ्यात आधी कुठल्या बाणावर हात पडतो, माहीत आहे? टेकूंच्या चौदा दिवसांवर. कारण त्या चौदा दिवसांत साइटवर कोणी काही करताना दिसत नाही. मालकाला वाटतं, काम बंद आहे. ठेकेदाराला ते टेकू आणि सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात. आणि कोणीतरी म्हणतं, ‘दहा दिवस झालेत, पक्का वाटतोय.’ त्या स्लॅबखाली उद्या सकाळी विटा रचायला येणार तो गवंडी आणि त्याचे बिगारी, स्वतः बोलणारा नाही. सेंट्रिंग लवकर काढल्याने स्लॅब कोसळल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. कागदावरचा तो एक लहानसा बाण खरं तर एका माणसाच्या डोक्यावर धरलेला हात असतो. तो पुसण्याचा अधिकार वेळापत्रकाला नाही. दिवस वाचवायचे तर खिडक्यांत वाचवा, पाईपमध्ये वाचवा, तिथे नाही.

ऋतूच्या बाणाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्याचा हिशेब दिवसांत होत नाही.

मनालीजवळचा अटल बोगदा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नऊ किलोमीटरहून थोडा जास्त, तीन हजार मीटरच्या वर. २०१० साली काम सुरू झालं. बोगदा दोन्ही तोंडांनी खणायला घेतला, दक्षिणेचं तोंड मनालीच्या बाजूला, उत्तरेचं लाहौलच्या बाजूला. दोन तोंडं घेतली, की दोन्हीकडची खोदाई एकमेकांसाठी थांबत नाही. थेट मध्ये भेटेपर्यंत त्यांच्यात बाणच नाही. पण उत्तरेच्या तोंडाशी पोचायला रोहतांग खिंड ओलांडावी लागायची आणि ती बर्फामुळे वर्षातले सुमारे सहा महिने बंद. माणूस, यंत्र, सिमेंट, सगळं त्या खिंडीवर अवलंबून. समजा एखादं यंत्र खिंड बंद व्हायच्या आदल्या दिवशी पोचलं, तर ते वेळेवर आलं. तेच दोन दिवस उशिरा निघालं तर दोन दिवसांचा उशीर होत नाही, सहा महिन्यांचा होतो. ऋतूचा बाण हा दरवाजा आहे. उघडा असेल तर वाट आहे, बंद झाला तर हंगाम गेला.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पेरणीचा वाफसा निघून गेला की बियाणं घरात असून उपयोग नाही. आपण शहरातली माणसं मात्र विसरतो. कोकणात किंवा गोव्यात पाया खणायचा तर जूनच्या आत. पण हेच वेळापत्रक उचलून चेन्नईला किंवा तंजावरला नेलं तर फसेल, कारण तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. कामं तीच, क्रम तोच, दरवाजा वेगळा.

त्याच बोगद्याकडून आणखी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दक्षिणेच्या बाजूला सेरी नाल्याखाली ५८७ मीटरचा ठिसूळ, भेगाळलेला पट्टा लागला. सगळ्या बोगद्यातला सगळ्यात कठीण भाग तो. साखळीतली सगळी कामं सारख्या भरवशाची नसतात. ज्या कामाची मुदत कोणालाच नक्की सांगता येत नाही, ते सगळ्यात लांब साखळीवर येत असेल तर मोकळे दिवस त्याच्यामागे ठेवा, सगळीकडे थोडे थोडे वाटू नका. आणि दुसरी गोष्ट. दोन्ही तोंडं १५ ऑक्टोबर २०१७ ला एकमेकांना मिळाली. बोगद्याचं उद्घाटन झालं ३ ऑक्टोबर २०२० ला. डोंगर आरपार झाल्यावरही जवळपास तीन वर्षं. अस्तर, रस्ता, हवा खेळवण्याची सोय, दिवे, आग लागली तर बाहेर पडायची वाट. पेढे वाटायचा क्षण आणि काम संपायचा क्षण हे वेगवेगळे असतात. आपल्या कामात ‘झालं’ याचा अर्थ काय, हे पहिल्या दिवशी एका ओळीत लिहून ठेवा.

तो अर्थ लिहिला, की तिथून मागे यायचं. फौजेत आम्ही वेळ उलटी मोजतो. सकाळी सहाला तुकडी नदीपलीकडे हवी, मग पाचला काय झालेलं हवं, त्यासाठी तीनला काय. तुम्हीही तसंच करा. एका कामाला एक चिठ्ठी. शेवटची चिठ्ठी भिंतीवर उजवीकडे लावा आणि तिला विचारा, ‘तुझ्या आधी काय काय पुरं असायला हवं?’ जी उत्तरं येतील त्यांच्या चिठ्ठ्या डावीकडे. पुढून विचार केला तर आपण आठवतील ती कामं लिहितो. मागून विचार केला तर लागणारीच कामं सापडतात. आणि हे एकट्याने करू नका. गवंडी, वायरमन, फॅब्रिकेटर यांना भिंतीसमोर उभं करा. लग्न असेल तर आचाऱ्याला आणि मांडववाल्याला. प्रत्येकाला एकच विचारा, ‘तुम्ही कोणासाठी थांबता आणि तुमच्यासाठी कोण थांबतं?’ पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायला बऱ्याच जणांना वेळ लागतो.

अशी भिंत भरली की एक चिठ्ठी हमखास राहिलेली असते. तिच्यावर काम नसतं, निर्णय असतो. फरशी कुठली घ्यायची ते ठरलेलं नाही. स्वयंपाकघराचा ओटा कुठल्या भिंतीला, यावर घरात एकमत नाही. ऑफिसात फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. निर्णय हे सुद्धा काम आहे. त्याला दिवस लागतात, त्याच्यामागे माणसं थांबतात, पण तक्त्यात त्याची पट्टी कोणी काढत नाही, कारण ती पट्टी बहुतेक वेळा तक्ता काढणाऱ्याचीच असते.

सैन्यात अधिकाऱ्याला एक नियम शिकवतात. हाताशी जेवढा वेळ आहे त्यातला एक तृतीयांश तू तुझ्या विचाराला आणि हुकमाला वापर. दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोड. त्यांनाही त्यांच्या माणसांना सांगायचंय, सामान बांधायचंय, रस्ता बघायचाय. वरच्याने उत्तम योजना करण्यात सगळा वेळ घेतला, तर ती योजना उत्तमच राहते आणि अमलात कधीच येत नाही.

मजूर नाक्यावरून सकाळी चार माणसं साइटवर येतात. दहा वाजता कळतं की मालकाने फरशी पसंत केलेली नाही, माल आलेला नाही. ‘आज परत जा’ असं त्यांना सांगितलं जातं. मालकाच्या वेळापत्रकात तो एका दिवसाचा उशीर असतो. त्या चौघांच्या घरी ती एका दिवसाची मजुरी असते. आपल्या तक्त्यात हा खर्च कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून आज घरी किंवा ऑफिसात एवढं करा. हातात जे काम आहे त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायला वेळ नसेल तर राहू द्या. फक्त एक कागद घ्या आणि त्यावर आत्ता तुमच्या होकारासाठी, नकारासाठी, सहीसाठी किंवा एका फोनसाठी थांबलेल्या माणसांची नावं लिहा. मग त्यातल्या पहिल्या नावाला आजच फोन लावा.